हवं तेवढंच ऐकू येतं?

वडोदऱ्याहून एका सूनबाईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा गोषवारा देते.

सासरे ऐंशीचे. हवाई दलात मालवाहू विमानांचे वैमानिक होते. आधी डाकोटा, मग पॅकेट आणि शेवटची बरीच वर्षं वडोदऱ्याच्या तळावर अ‍ॅव्रो. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या वडिलोपार्जित घरी राहायला आले. गेली काही वर्षं त्यांना कमी ऐकू येतं, असं घरात सगळ्यांना वाटतं. त्यांचं म्हणणं एकच, ‘तुम्ही लोक पुटपुटता.’ मध्यंतरी नातवाने टीव्हीवर ‘परशुराम’ या डाकोटा विमानाचा व्हिडिओ लावला, तर आजोबा शेजारच्या खोलीतून उठून आले आणि म्हणाले, ‘ऐक, दोन्ही प्रॉप (विमानाचे पंखे) जुळलेले नाहीत.’ दुसऱ्या दिवशी त्याच नातवाने शाळेत निघताना छत्री मागितली, तर त्यांनी कात्री आणून दिली. सगळे हसले. त्या रात्री आजोबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

विमानांचा विषय निघाला की मात्र तासभर बोलतात, मध्ये कुणी काही विचारलं तरी थांबत नाहीत. सासूबाई दिवसभर सगळ्यांचं बोलणं त्यांना पुन्हा सांगत असतात. त्यांनी भजनी मंडळात जाणंही सोडलं आहे, कारण घरी कुणी आलं तर यांना बेल ऐकू येत नाही. पत्र लिहिणारीच्या यजमानांचं मत असं की ‘बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं’. काही महिन्यांनी सहस्रचंद्रदर्शन आहे. सगळ्या भावंडांनी वर्गणी काढून उत्तम कानाचं मशीन घ्यायचं आणि समारंभात सगळ्यांसमोर द्यायचं, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही, असा बेत ठरतो आहे. सूनबाईंचे प्रश्न तीन. मशीन असं द्यावं का? ते मुद्दाम करतात का? आणि त्या खटारा विमानांच्या त्याच त्या गोष्टी कशा थांबवायच्या?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. समारंभात देऊ नका. ऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं आहे, अंगावर नवी शाल आहे, सगळा गोतावळा बघतो आहे आणि अशा वेळी हातात ते खोकं ठेवायचं, म्हणजे त्यांच्या कानांची बातमी माइकवरून जाहीर केल्यासारखंच झालं. ते नाही म्हणणार नाहीत, हा यजमानांचा अंदाज बरोबर आहे. चार लोकांत हसून घेतील आणि दुसऱ्या दिवशी मशीन कपाटात जाईल. आपल्याकडची कितीतरी मशीन्स तिथेच आहेत. शिवाय ही काही भेट म्हणून आणायची वस्तू नाही. कान तपासल्याशिवाय ते घेताच येत नाही, आणि तपासायचं तर बाबांना आधी हो म्हणावं लागणार. म्हणजे हा बेत मुळातच उलट्या टोकाने धरलेला आहे.

मुद्दाम करतात का, या प्रश्नावर मात्र जरा थांबायला हवं. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे.

छत्री आणि कात्री परत एकदा मोठ्याने म्हणून पाहा. शेवटचा ‘त्री’ दोन्हीकडे तोच. पहिला स्वर एकीकडे ऱ्हस्व, दुसरीकडे दीर्घ, पण खरं वेगळं आहे ते पहिलं व्यंजन, आणि ‘छ’मधला जो फुसफुसता भाग आहे तो उंच पट्टीचा आणि अगदी क्षीण असतो. स, श, च, छ, ख, थ, फ ही सगळी त्याच घरातली. स्वर मात्र खालच्या पट्टीत असतात आणि भरपूर जोरदार असतात. बोलण्यातला जोर बराचसा स्वरांत असतो आणि कुठला शब्द आहे हे बरंचसं व्यंजनांवरून कळतं. ज्याचे उंच पट्टीचे आवाज गेलेत त्याला कुणीतरी बोलतं आहे हे नीट ऐकू येतं, पुरेसं मोठ्याने ऐकू येतं, फक्त काय बोलतं आहे ते लागत नाही. असं बोलणं ऐकणाऱ्याला कसं वाटेल? पुटपुटल्यासारखं. बाबा सबब सांगत नाहीत, त्यांना जे ऐकू येतं त्याचं ते अचूक वर्णन करत आहेत.

आणि डाकोटा? तिचा तीन पात्यांचा पंखा उड्डाणात ज्या वेगाने फिरतो त्याने हवेत जी घुमघुम उठते ती साधारण ६० हर्ट्‌झच्या आसपासची, म्हणजे खर्जातली. दोन इंजिनांच्या फेऱ्यांत थोडाही फरक राहिला तर दोन्ही आवाज एकमेकांवर चढत-उतरत ‘वांव-वांव’ अशी लाट तयार करतात. वैमानिक ती लाट ऐकत लिव्हर इंच-इंच सरकवायचे आणि लाट विरली की प्रॉप जुळले असं समजायचे. बाबांनी हे आयुष्यभर कानाने केलं आहे, आणि त्यासाठी लागणारा कानाचा भाग अजून शाबूत आहे. म्हणून शेजारच्या खोलीतून इंजिन कळतं आणि समोरची छत्री कळत नाही. बायकांचे आणि मुलांचे आवाज पुरुषांपेक्षा वरच्या पट्टीतले. ते तुमच्या यजमानांचं बोलणं पकडतात पण तुमचं नि नातवाचं सोडतात, त्यातही काही राजकारण नाही.

हे कशाने झालं असावं ते सांगते, कारण तुमच्या पत्रात ती विमानं ‘खटारा’ या एका शब्दात आटोपली आहेत.

डाकोटाला दोन इंजिनं, प्रत्येकात १४ सिलिंडर, प्रत्येकी १२०० अश्वशक्ती. वैमानिक बसतात ती जागा फिरत्या पंख्यांच्या जराशीच पुढे. फौजी विमानांत आतून गादी-अस्तर काही नाही, नुसता पत्रा. पॅकेटमध्ये इंजिनं त्याहून मोठी, १८ सिलिंडरची. लडाखमधल्या उंचावरच्या धावपट्ट्यांवर उतरायचं म्हणून आपल्या हवाई दलाने पॅकेटच्या पाठीवर आणखी एक जेट इंजिन बसवलं. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, तिथल्या टांगाईलवर जे छत्रीधारी सैनिक उतरवले गेले ते याच पॅकेट, डाकोटा आणि बरोबरच्या इतर मालवाहू विमानांतून. अ‍ॅव्रोत पिस्टन इंजिन जाऊन रोल्स-रॉइसचं डार्ट आलं. त्याची जमिनीवरची किंकाळीसारखी शिट्टी हरणी रोडवर राहिलेल्या जुन्या मंडळींना अजून आठवत असेल. आता वडोदऱ्याच्या तळावर अ‍ॅव्रोच्या जागी सी-२९५ येत आहेत. पहिलं विमान सप्टेंबर २०२३ मध्ये इथेच उतरलं, आणि याच शहरात ती बनवायचा कारखानाही उभा राहिला आहे.

त्या कॉकपिटमधला आवाज ९० डेसिबलच्या वरच असायचा. आज कामाच्या जागी सुरक्षित मानतात ती शिफारस ८५ डेसिबलला ८ तासांची. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि असं करत १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बाबांच्या एकेका फेरीला किती तास लागायचे, ते त्यांनाच विचारा. बरं, डोक्यावरचे हेडफोन आवाज बाहेर ठेवायला नव्हतेच, ते रेडिओ ऐकायला होते. इंजिनावर मात करायला रेडिओचा आवाज आणखी चढवायचा, आणि शेजारच्याशी बोलायचं म्हणून एक कान उघडा ठेवायचा.

असल्या गोंगाटाने कान जातात हे जगाला नवं नव्हतं. बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांचं उदाहरण घेऊन ग्लासगोच्या डॉक्टर थॉमस बार यांनी ते १८८६ सालीच मांडलं होतं. पण खर्जातली घुमघुम अडवणं जाड गाद्यांच्या हेडफोनलाही नीट जमत नाही. आवाजाच्या उलट आवाज सोडून तो मारायची कल्पना जुनीच, पण असे हेडफोन करायचं ‘बोस’ कंपनीच्या अमर बोस यांना १९७८ मध्ये एका विमानप्रवासात सुचलं. १९८६ मध्ये न थांबता जगप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’च्या दोघा वैमानिकांनी त्यांचे प्रायोगिक हेडफोन वापरले आणि १९८९ मध्ये ते विकायला आले. बाबांची उडण्याची ऐन वर्षं तोवर सरत आली होती. आज तुमच्या लेकाच्या कानात जे असतं ते आजोबांच्या धंद्यातून आलेलं आहे, हे त्याला जरूर सांगा.

गोंगाटाचा पहिला तडाखा बसतो तो ४००० हर्ट्‌झच्या आसपास, पियानोच्या सगळ्यात उजव्या पट्टीच्या जवळपास. आतल्या कानातल्या त्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. त्यावर वयाची भर पडते. मधुमेह, काही औषधं, घराण्यातून आलेलं असं काहीही त्यात मिसळलेलं असू शकतं, आणि ऐंशीव्या वर्षी कशाचा वाटा किती हे कुणीही वेगळं काढून देणार नाही. त्यामुळे ‘विमानांनी तुमचे कान खाल्ले’ असं त्यांच्या तोंडावर म्हणू नका. ज्या कामाचा माणसाला आयुष्यभर अभिमान आहे, त्या कामाचं घरच्यांनी केलेलं ऑडिट कुणाला आवडतं?

ते म्हणत असतील की मी दर वर्षी मेडिकल पास झालोय. खरंच झाले असतील. फौजेत साधारण सहा मीटरवरून कुजबुजलेलं ऐकू येतं का हे पाहायची पद्धत. नागरी वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ५००, १००० आणि २००० हर्ट्‌झला ३५ डेसिबलपर्यंत आणि ३००० ला ५० पर्यंत घट चालते. ४००० चा त्यात उल्लेखच नाही. म्हणजे जिथे नुकसान सुरू होतं तीच जागा सोडून बाकी कान पास.

दुसरी गोष्ट कदाचित जास्त महत्त्वाची. वैमानिकाला ‘मेडिकल’ हा शब्द आपल्यासारखा ऐकू येत नाही. तब्येतीची कॅटेगरी उतरली की उडणं बंद. तीस वर्षं ज्याने दर तपासणीला छातीत धडधड घेऊन जायचं आणि बाहेर आल्यावर सुटकेचा श्वास टाकायचा, त्याला तुम्ही ‘चला, कान तपासून घेऊ’ म्हणता. आता जायला काहीच उरलेलं नाही, हे त्यांच्या डोक्याला कळतं. अंगवळणी पडलेल्या भीतीला ते कळायला वेळ लागतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. माझा तुमच्याशी खरा मतभेद आहे तो इथे.

तुम्हाला वाटतं की बाबा दुसऱ्याचं ऐकत नाहीत, स्वतःचंच लावतात, वयाबरोबर मीपणा वाढलाय. मला ते उलट दिसतं. चार माणसं बसली आहेत, विषय इकडून तिकडे उड्या मारतो आहे, कोण कधी बोलेल नेम नाही. कमी ऐकू येणाऱ्याला यातलं काही हाती लागत नाही. एकच परिस्थिती अशी आहे की जिथे त्याला ऐकावंच लागत नाही, तो स्वतः बोलत असतो ती. विषयही असा निवडायचा की दुसऱ्या कुणाला त्यात भर घालता येणार नाही, म्हणजे अनपेक्षित प्रश्न यायची भीती कमी. बाबा तासभर पॅकेटबद्दल बोलतात ते तुम्हाला गप्प करायला नव्हे. गप्प बसले तर ते त्या खोलीतून वजा होतात, आणि ते त्यांना नको आहे. कात्रीच्या रात्री ते वजा झाले होते की नाही? मला ती रात्र त्या तासभराच्या गोष्टींपेक्षा जास्त काळजीची वाटते.

म्हणून गोष्टी थांबवू नका. त्यांत शिरा. नातवाला कामाला लावा. त्याने प्रश्न आधी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचे, एका वेळी एक. पॅकेटचं मागचं दार उघडलं की आत आवाज कसा बदलायचा? ढगात रेडिओ बंद पडला तर काय करायचे? आजोबांनी बोलायचं आणि त्याने फोनवर रेकॉर्ड करायचं. लिहिलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आपोआप दिसेल. व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं. नातू फोनला सांगेल आणि आजोबा पडद्यावर वाचतील. आणि एक गंमत करून पाहा. टीव्हीला किंवा फोनला मोठे, कान झाकणारे हेडफोन जोडून द्या, आवाज बेताचा ठेवून. कानाच्या मशीनला नाही म्हणणारा वैमानिक हेडसेटला नाही म्हणेल असं मला वाटत नाही. कानाला मदत घेण्यात कमीपणा नसतो हे त्यांना समजवायला भाषणाची गरज पडणार नाही.

मग तपासणीचा विषय कुणी आणि कसा काढायचा? यजमानांनी तर नकोच. बापलेकांत या विषयाचा आधीच चिखल झाला आहे. त्यांचा एखादा जुना स्क्वाड्रनमधला मित्र मशीन वापरत असेल तर त्याच्यासारखा वकील नाही. ऐंशीच्या घरातल्या त्या मंडळींत असा एखादा सापडतोच. नसेल तर तुम्ही काढा, एकट्या असताना, टीव्ही बंद असताना. आणि मुद्दा त्यांच्याच पेशातला वापरा. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही, तेव्हा विमान सरळ आहे की कलतं आहे हे शरीर चुकीचं सांगतं. तोल सांगणारा अवयव आतल्या कानातच असतो, ऐकायच्या भागाला चिकटूनच, आणि तो फसतो. म्हणून प्रत्येक वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात की ढगात स्वतःला काय वाटतंय त्यावर जायचं नाही, समोरचे काटे काय दाखवतात ते पाहायचं. बाबांना एवढंच म्हणा, ‘तुम्हाला वाटतं ऐकू येतं, आम्हाला वाटतं येत नाही, वाटण्याचं राहू दे, काटे काय म्हणतात ते एकदा बघू.’ ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, हे ते काटेच. आलेख घरी आणा आणि वाचायला त्यांच्याच हातात द्या. ४००० पाशी खड्डा पडलेला दिसला तर तो कशाचा, हे ते स्वतः सांगतील. ते सांगणं त्यांचं असू दे.

त्यांनी हो म्हणेपर्यंत घरात एक सवय बदलता येईल, तीही त्यांच्याकडूनच उसनी. रेडिओवर बोलताना वैमानिक आधी समोरच्याला नावाने हाक घालतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, मग मोजकं बोलतो, आणि ऐकणारा महत्त्वाचं तेवढं परत म्हणून दाखवतो. एवढ्या गोंगाटात ही माणसं जी एकमेकांना समजत होती ती चांगल्या कानांमुळे कमी आणि या शिस्तीमुळे जास्त. नाइनला ते ‘नाइनर’ म्हणतात, थ्रीला ‘ट्री’, केवळ घोटाळा होऊ नये म्हणून. तेव्हा स्वयंपाकघरातून ओरडणं बंद. समोर या, ‘बाबा’ म्हणा, त्यांनी वर पाहिलं की मग बोला. चेहऱ्यावर उजेड असू दे. पंखा जरा कमी. पहिल्यांदा समजलं नाही तर तोच शब्द आणखी मोठ्याने फेकू नका, वाक्य बदला. ‘छत्री’ पोचली नाही तर ‘बाहेर पाऊस आहे, छत्री द्या’. आणि ओरडू तर नकाच. अशा कानांना हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा चढवला की एकदम त्रास होतो. ऐकू येण्याची आणि सहन होण्याची हद्द जवळजवळ आलेली असते. ‘मोठ्याने बोल’ आणि ‘ओरडतोस कशाला’ ही दोन वाक्यं एकाच मिनिटात आली तर तो विक्षिप्तपणा नव्हे.

आता ज्यांच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, त्या सासूबाई. दोन वाक्यांत त्या पत्रात येऊन जातात. त्या दिवसभर दुभाष्याचं काम करत आहेत आणि त्यासाठी भजन सोडून बसल्या आहेत. बेलला लागून दिवा पेटेल अशी सोय कुठलाही इलेक्ट्रिशियन करून देईल, नाहीतर जाड आवाजाची घंटी लावून घ्या. ही या आठवड्यात होण्यासारखी गोष्ट आहे. आणि बाबांना विचारलेल्या प्रश्नाला आईंनी उत्तर द्यायचं, ही पद्धत पाहुण्यांसमोर तरी थांबवा. ती दोघांनाही मारक आहे. मशीनला बाबा तयार होत नसतील तर ‘तुमच्यासाठी घ्या’पेक्षा ‘आईचा मंगळवार परत मिळेल’ हे कारण जास्त चालेल, असा माझा अंदाज आहे. वार जो कुठला असेल तो घाला.

तपासणीचं थोडं सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं बऱ्याच घरांतून येतात.

आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. मळ साचलेला असू शकतो, पडद्याला काही झालेलं असू शकतं. नुसता मळ काढून बरंच ऐकू येऊ लागलेले लोक असतात. मग ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला. ‘मशीनच्या दुकानात फुकट तपासणी’ ही पाटी पाहून आत जाऊ नका. तिथे तपासणी फुकट असते कारण विकायचं काय ते आधीच ठरलेलं असतं. आवाज बंद खोलीत शुद्ध स्वरांची चाचणी होते, तशी शब्द ओळखायचीही होते. त्या दुसऱ्या चाचणीची भाषा कुठली, हे आधी विचारा. वडोदऱ्यात ती गुजरातीत किंवा इंग्रजीत व्हायची शक्यता जास्त. बाबांचं गुजराती बाजारापुरतं असेल तर चुकलेल्या शब्दांचं खापर कानावर फुटेल. दोन्ही कानांचा आलेख मागून घ्या.

मशीन लागणार असेल तर बहुधा दोन्ही कानांना लागेल. निवृत्तिवेतनधारक आहेत, तेव्हा ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड बहुधा असेल. आधी पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन रेफरल कसं मिळतं आणि मशीनची किती रक्कम परत मिळते हे विचारून घ्या, मग वर्गणीचं बोला. पावती आधी आणि परवानगी मागाहून असा क्रम झाला तर पैसे अडकतात. घरी वापरून पाहायला काही दिवस मिळतील का आणि परत करता येईल का, हे लेखी घ्या. त्या शांत एसी खोलीत सगळीच मशीन्स छान वाटतात. बाबांना ते घालून मांडवीला न्या, खंडेराव मार्केटला न्या, जिथे ते शेव-उसळ खातात त्या टेबलावर बसवा, आणि मग विचारा. मोठ्या आवाजाची वरची मर्यादा त्यांच्या सहनशक्तीनुसार बसवली आहे का, हेही ऑडिओलॉजिस्टला विचारा. भांडं पडलं की कान फाटतो म्हणून मशीन काढून ठेवणारे खूप असतात. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ‘आवाज वाढवणारं’ यंत्र घेऊ नका. ते सगळंच वाढवतं, ज्याची गरज नाही तो खर्जसुद्धा.

पहिले काही आठवडे ते वैतागतील. वर्षानुवर्षं न ऐकलेली वर्तमानपत्राची सळसळ, नळाचं पाणी, स्वतःच्या चपला, सगळं एकदम अंगावर येतं. मेंदूला त्यातून निवड करायची सवय पुन्हा लागावी लागते. सुरुवातीला घरातच, दिवसाचे दोन-तीन तास पुरे. आणि घरच्यांनीही अपेक्षा बेताची ठेवावी. चष्म्याने दिसतं तसं लख्ख ऐकू येत नाही. गर्दीत, लांबून, पाठमोरं बोललेलं त्यानंतरही निसटेल. पावसाळ्यात घाम आणि दमटपणाने मशीन बिघडतं, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. हे काम नातवाला द्या.

कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी ‘मशीन लावलं नाही तर स्मृतिभ्रंश होतो’ असं टाकलंय, असं तुम्ही लिहिता. ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक आहे, हे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये १४ गोष्टींच्या यादीत पुन्हा नोंदवलं आहे. जोखीम म्हणजे भाकीत नव्हे. ऐंशीच्या माणसाला ही भीती घालून तपासायला नेणं मला क्रूरपणाचं वाटतं, आणि ते उपयोगाचंही नाही.

मात्र एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, कानातून स्राव आला, किंवा एकाच बाजूला घणघण आणि चक्कर सुरू झाली, तर या सगळ्या समजूतदारपणाला बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे दिवस मोजून उपचार असतात.

हे वाचणाऱ्या बाकीच्या वडोदऱ्याच्या घरांनाही दोन शब्द. कोयलीच्या रिफायनरीत, नंदेसरीच्या कारखान्यांत, कंप्रेसर हाउसजवळ वीस-पंचवीस वर्षं काढलेले काका-मामा तुमच्याकडे असतीलच. त्यांच्याबाबतीतही वरचं सगळं लागू आहे, फक्त त्यांच्या गोष्टी कुणी ऐकायला मागत नाही एवढाच फरक. आणि नवरात्रात स्पीकरच्या भिंतीशेजारी नऊ रात्री घालवणाऱ्या पोरांना कानात घालायचे फोमचे बोळे घेऊन द्या. केमिस्टकडे मिळतात आणि त्यांनी गरबा काही बिघडत नाही.

राहिला समारंभ. बाबांना भिंतीला पाठ टेकून बसवा, स्पीकरपासून आणि पंख्यापासून लांब. पाहुण्यांनी एकेकाने समोर यावं, घोळक्याने नको. हॉलमध्ये भाषणं ठेवणार असाल तर ती छापून त्यांच्या हातात द्या. भावंडांची वर्गणी जमली असेल तर तिच्यातून त्या रेकॉर्ड केलेल्या गोष्टींची छोटी पुस्तिका निघेल, फोटोंसकट. खटारा हा शब्द तीत कुठे येणार नाही एवढं बघा.

अपॉइंटमेंट सकाळची घ्या. दुपारनंतर या वयात ऐकण्याचाही थकवा येतो. बरोबर तुम्ही जा, आणि आत प्रश्न विचारले जातील तेव्हा उत्तरं त्यांनाच देऊ द्या.